सोलर बसवताना

बेळगावच्या आसपास सोलर बसवायचं काम मी बारा वर्षं करतोय. जोडीला बसवराज असतो. असले किस्से गोळा करायला कुणी मुद्दाम जात नाही. पण गच्चीवर चढलं, पाण्याचा तांब्या हातात आला, की घरातली माणसं बोलायला लागतात. आपण ऐकतो, आणि ते साठत जातं.

*

उचगावात एका शेतकऱ्याच्या गच्चीवर पॅनेल बसवायची होती. वर गेलो तर गच्चीभर मिरच्या वाळत घातलेल्या, आणि त्याची म्हातारी आई मधोमध बसलेली.

"आज्जी, मिरच्या जरा हलवाय लागतील. ऊन हितंच चांगलं हाय."

"म्हणून तर घातल्यात," ती म्हणाली. "हितलं ऊन तुझ्या आधीपास्नं मला ठावं हाय."

बसवराजनं माझ्याकडं बघितलं. पॅनेल आम्ही गोठ्याच्या पत्र्यावर बसवली.

*

कंग्राळीला शांताक्कांच्या घरी पाणी तापवायचा सोलर बसवला. त्याआधी त्या रोज पहाटे उठून सहा जणांच्या अंघोळीसाठी बंब पेटवायच्या. धुरानं डोळे कायम लाल.

आठवड्यानं नळाचा वायसर बदलायला गेलतो. विचारलं, "पाणी तापतंय न्हवं?"

"तापतंय की. पर पाचची जाग काय जाईना. पयल्या दिवशी उठून बंबापाशी गेले. पेटवायचं तर काय न्हाय. मग पायरीवर जाऊन बसले."

"मग?"

"मग उजाडताना बघितलं. लगीन होऊन आल्यापास्नं पयल्यांदाच. काकतीकडचा डोंगर दिसतोय तिथनं. मला ठावंच न्हवतं."

*

निपाणीत एक रिटायर्ड हेडमास्तर एकटेच राहतात. मुलगा बेंगळूरला. पॅनेल त्यानंच बसवून दिलेली, आणि रोज किती वीज तयार होते ते त्याला तिकडं मोबाईलवर दिसतं. ती निम्म्यावर आली म्हणून त्यानं आम्हाला पाठवलं.

बघतो तर पॅनेलवर धुळीचा जाड थर. बादली आणि फडकं शेजारीच, दोन्ही कोरडी.

"सर, पंधरा दिवसांतनं एकदा पाणी मारलं तरी पुरतंय."

"माहीत आहे मला."

"मग पुसत का न्हाई?"

"पुसलं की त्याचा फोन येत नाही. वीज कमी झाली की लगेच येतो. मग जेवलात का, तेही विचारतो."

मी फडकं भिजवलं. अर्धी पॅनेल पुसून झाल्यावर बसवराजनं माझा हात धरला. "उरलेली राहू देत," तो म्हणाला.

*

वडगावच्या रत्नाक्का नवरा गेल्यापासून घरातले दोन पॉवरलूम एकट्याच चालवतात. कागदावर सही घ्यायच्या आधी आम्ही गिऱ्हाइकाला सगळं समजावून सांगतो. तसं त्यांनाही सांगितलं, की बाहेरची लाईट गेली की हे सोलरपण बंद पडतं.

"वर ऊन असलं तरी?"

"असलं तरी."

"मग काय उपेग? सारखी लाईट जाती म्हणून तर घ्यायलोय." त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला आणि परत लूमपाशी गेल्या.

लूमच्या आवाजात मी मोठ्यानं बोलत राहिलो. "आक्का, ते मुद्दाम तसं केलेलं असतंय. लाईट गेली म्हंजे कुठंतरी खांबावर लाईनमन काम करत असंल. तुमच्या घरची वीज तारेत गेली तर..."

त्यांनी लूम बंद केला. खोली एकदम शांत झाली.

"उलटा करंट," त्या म्हणाल्या.

हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

"आमचे मालक लाईनमन होते. लाईन बंद करूनच खांबावर चढलेले. गल्लीत कुणीतरी जनरेटर लावला."

बसवराज हातातली टेप गुंडाळत होता. तो थांबला.

रत्नाक्कांनी विचारलं, "ह्यातनं तसा करंट जात न्हाय?"

"न्हाय आक्का. आपोआप बंद पडतंय."

त्यांनी पदराला हात पुसले आणि कागद परत ओढून घेतला.

"पडू दे बंद. सही कुठं करायची?"