लहान मापाचं चिलखत

राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचं राजधानीपण गेलं आणि बाबांच्या वाट्याला भोपाळ आलं. बाबा सचिवालयात कारकून होते. त्यांच्याबरोबरचे काही जण मुंबईला गेले, काही आमच्यासारखे इकडे आले. आईला यायचं नव्हतं. तिचं माहेर, तिच्या बहिणी, भाजीवाली, डॉक्टर, सगळं नागपुरात होतं. माझा धाकटा भाऊ तेवढा खूश होता. तो सात वर्षांचा होता, आणि समुद्राएवढा तलाव आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

तलाव त्याला आवडला. पण पहिल्याच थंडीत त्याला घटसर्प झाला. आम्ही नवीन वसाहतीत राहायचो. रस्ते अजून व्हायचे होते, क्वार्टर्सच्या भिंती ओल्या होत्या, आणि कुठला दवाखाना बरा हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. बाबा टांगा शोधायला धावले. दवाखान्यात पोचलो तोवर त्याचा श्वास घशातच अडकत होता. तो तिथेच गेला.

आईनं बाबांना कधी काही ऐकवलं नाही. एकदाच, ताटं वाढता वाढता ती म्हणाली, "नागपूरला आपला डॉक्टर होता." बाबांनी मान वर केली नाही. त्यानंतर त्या दोघांत डाळ संपली, बंब पेटवा, एवढंच बोलणं उरलं.

आमच्या शेजारी एक इंजिनियर राहायचे. मूळचे पुण्याचे, एकटेच. गोविंदपुऱ्याकडे कारखाना उभा राहत होता, तिथे नोकरीला होते. मी त्यांना काका म्हणायची. त्यांना जुन्या हत्यारांचा नाद होता. त्यांच्या खोलीत पलंगाखाली तलवारी आणि भिंतीला ढाली होत्या, आणि रविवारी ते मांडी घालून एखादं पातं तेलानं पुसत बसलेले असायचे. भाऊ गेल्यावर ते बाबांना रविवारी काही ना काही निमित्तानं बाहेर काढायचे. बाबा मला बरोबर घ्यायचे. मला घरी ठेवून निघणं त्यांना जमत नसावं.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात काका म्हणाले, "शहरात एका हवेलीत लिलाव आहे. चला."

जहागिऱ्या गेल्या होत्या. जुन्या शहरातल्या मोठ्या घरांमधून तेव्हा सारखं काही ना काही विकायला निघायचं. झुंबरं, गालिचे, बग्ग्या. त्या हवेलीतला शस्त्रांचा साठा त्या दिवशी चौकात मांडला होता. मला वाटलं होतं, तलवारी मखमलीवर ठेवलेल्या असतील. त्या उसाच्या मोळीसारख्या काथ्यानं बांधून भिंतीला टेकवल्या होत्या. कित्येकींच्या मुठीच नव्हत्या. काका हळूच म्हणाले, "मुठींवर चांदी होती. ती आधीच उतरली." गेंड्याच्या कातड्याच्या ढाली एकीवर एक रचल्या होत्या. एका टोपलीत नाकावर पट्टी येणारे जिरेटोप होते, आंब्यांसारखे ओतलेले. वरच्या मजल्यावर चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचे पडदे, सोडलेले होते. त्यांतला एक अधूनमधून हलायचा.

काकांनी बाबांना समजावलं, "जे हवं असेल त्याच्याकडे बघायचं नाही. दुसऱ्याच वस्तूशी चाळा करत उभं राहायचं. आपले डोळे अडकलेले दिसले की समोरचा बोली चढवतो." ते स्वतः एका कट्यारीसाठी आले होते. तिच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी होती. तिच्याकडे एकदाही न बघता त्यांनी ती घेतली.

लिलाव पुकारणारा घसा बसलेला माणूस होता. मोळ्या भराभर जात होत्या, त्याही बहुतेक भंगारवाल्यांकडे. जवळ उभ्या असलेल्या एकानं सांगितलं की यांचे विळे चांगले होतात. मग पुकारणाऱ्यानं एका गाठोड्यातून एक लहानसं चिलखत काढलं आणि दोन्ही हातांनी उंच धरलं. लोखंडाच्या बारीक कड्या एकमेकींत गुंफलेल्या, मधूनमधून पितळेच्या, त्यामुळे अंगभर शंकरपाळ्यांसारखी नक्षी. गळ्याला विटलेली लाल मखमल. बाह्या कोपरापर्यंतच्या. लोक हसले. "ये तो गुड्डे का है," कुणीतरी म्हणालं. घरातल्या मुलांना मिरवणुकीत घोड्यावर बसवताना घालायचे, असं पुकारणाऱ्यानं सांगितलं. तरी कुणी बोली लावेना. शेवटी एका भंगारवाल्यानं वजनाच्या हिशेबानं बोली लावली.

बाबांनी हात वर केला. ते चिलखताकडेच बघत होते. काकांनी त्यांचं कोपर धरलं, पण हात खाली आला नाही. भंगारवाला थोडा चढला, मग त्यानंच नाद सोडला.

परतताना काकांनी विचारलं, "तुम्ही कशाला घेतलंत ते?"

"मोडीत चाललं होतं," बाबा म्हणाले. ते त्यांनी टांग्यात पायाशी ठेवलं नव्हतं. मांडीवर घेतलं होतं.

आईनं दार उघडलं. बाबांच्या हातातल्या गाठोड्यातून एक बाही बाहेर आली होती. तिनं ती पाहिली आणि तिला सगळं कळलं. माप पाहूनच कळलं.

"हे कुणासाठी आणलंत?"

बाबांनी बाही आत सारली.

"घरात नको," ती म्हणाली आणि आत गेली. बाबांनी गाठोडं मागे कोळशाच्या खोलीत ठेवलं.

कड्यांवर गंज होता. तो कसा काढायचा हे काकांनी सांगितलं. गोणीत कोरडी वाळू घालायची, थोडं तेल, त्यात चिलखत, तोंड बांधायचं आणि दोघांनी दोन टोकं धरून हेलकावत राहायचं. वाळूला काही तोटा नव्हता. नवी राजधानी बांधली जात होती, प्रत्येक घरासमोर ढीग पडलेले. बाबांनी गोणी भरली आणि एक टोक मला दिलं. मी पुरी पडेना. गोणी माझ्या बाजूला सारखी जमिनीला टेकायची, आणि बाबा म्हणायचे, "असू दे, पुन्हा उचल."

आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असावी. ती हात पुसत बाहेर आली आणि तिनं माझ्या हातातून टोक काढून घेतलं. "सोड. तुझ्यानं नाही व्हायचं."

मग ती दोघं गोणी हेलकावत राहिली. आतून तांदूळ पाखडल्यासारखा आवाज यायचा. लहान मुलाला चादरीच्या झोळीत घालून दोघं जण झुलवतात, तसं ते दिसत होतं. आमच्याकडेही तो खेळ व्हायचा. बराच वेळ गेला आणि मग बाबा थांबले. टोक हातातून न सोडता ते तिथेच मातीत बसले. भाऊ गेला तेव्हा ते रडले नव्हते, निदान आमच्यासमोर तरी नाही. आता त्यांचे खांदे हलत होते.

"मी आणायला नको होतं," ते म्हणाले.

चिलखत, की आम्हाला भोपाळला, हे मला तेव्हा कळलं नाही. आईला कळलं असावं. ती उभीच होती. थोड्या वेळानं म्हणाली, "आता आणलंय ना. वाळू अजून लाल निघतेय. उचला."

त्या हिवाळ्यात त्यांनी बऱ्याचदा वाळू बदलली. कड्या हळूहळू करड्या झाल्या, पितळ उजळलं. एक दिवस आईनं चिलखत मांडीवर घेतलं आणि गळ्याच्या आतली बाजू उलटून पाहिली. मखमलीच्या आत कुणीतरी पातळ कापडाची पट्टी शिवली होती. ती कुजून सुटत चालली होती. "पोराची मान सोलवटू नये म्हणून लावलीय," आई म्हणाली. तिनं जुनी पट्टी अलगद उसवली, आपल्या एका धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचा तुकडा कापला आणि बारीक टाके घालून तो लावला. चिलखत कोळशाच्या खोलीतून आतल्या ट्रंकेत आलं. घरात नको, हे वाक्य पुन्हा निघालं नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला आमच्या दारात पडदे लावलेला टांगा थांबला. आतून एक म्हाताऱ्या बाई उतरल्या. अंगावर काळा बुरखा, त्याचा पडदा मागे टाकलेला, चेहरा गोरा आणि सुरकुतलेला. बरोबर एक नोकर होता, त्याला त्यांनी बाहेरच थांबवलं. बाबा ऑफिसात होते. आईचं हिंदी तेव्हा बेताचंच होतं. तिनं त्यांना खुर्ची दिली आणि पाणी आणलं. पाणी घेतील की नाही असं तिच्या मनात आलं असणार, पण त्यांनी घेतलं.

"मैं उस दिन ऊपर चिक के पीछे थी," त्या म्हणाल्या. "आपके साहब ने हाथ उठाया, मैंने देखा." पत्ता त्यांनी लिलाव पुकारणाऱ्याकडून मिळवला होता. हवेलीतला माल त्यांच्या मुनशीनं, कारभाऱ्यानं, विकायला काढला होता. त्या गाठोड्यात काय आहे हे त्यांना चिलखत वर धरलं तेव्हाच कळलं. भरल्या चौकात, परक्या पुरुषांत, वरून ओरडायचं कसं?

आईनं ट्रंक उघडली. बाईंनी चिलखत दोन्ही हातांनी घेतलं आणि त्यांचा अंगठा आधी गळ्याच्या आत गेला. तिथेच थांबला.

"यह किसने सिया?"

"मी," आई म्हणाली. मग, "मैंने."

"मैंने मलमल लगाई थी. बहुत रोता था, चुभता है, चुभता है."

तो त्यांचा नातू. शेवटचं ते त्यानं घातलं होतं. फाळणीनंतर त्यांचा मुलगा बायकापोरांना घेऊन कराचीला गेला. बाई गेल्या नाहीत. कबरी इथे आहेत, म्हणाल्या. पत्रं यायची, ती आता क्वचित येत होती.

"अब तो दरवाज़े जितना हो गया होगा," त्या म्हणाल्या आणि चिलखतावरून हात फिरवला. "मेरे लिए तो बस इतना ही है."

आईला सगळे शब्द कळले की नाही कोण जाणे, पण हे कळलं. ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली होती. तिनं चिलखताच्या खालच्या काठाला हात लावला आणि म्हणाली, "मेरा भी इतनाच था." पुढे तिला शब्द सापडेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं, "मेरा भाई. पिछले साल गुज़र गया."

त्या कशासाठी आल्या होत्या हे उघड होतं. त्यांनी ते मागितलं नाही. आईनंही दिलं नाही. तिचा हात काठावरच होता. शेवटी बाईंनी चिलखत घडी करून आईच्या मांडीवर ठेवलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "जीती रहो" म्हणून उठल्या. टांग्याचा पडदा पडला तरी आई दारात उभीच होती.

बाबांना तिनं रात्री जेवताना सांगितलं. बाबा म्हणाले, "देऊन टाकायचं होतंस."

"हो," आई म्हणाली. "माझा हात सुटला नाही."

ते तिला फार लागलं. ती मधेच काम थांबवून म्हणायची, "तिचं होतं ते. तिनं मलमल लावली होती." पावसाळा आला, माझी शाळा सुरू झाली, आणि एका सुट्टीच्या दिवशी तिनं स्वतःच चिलखत चादरीत बांधलं. "चला, देऊन येऊ." आम्ही तिघं टांग्यानं शहरात गेलो. हवेलीच्या फाटकाला कुलूप होतं. समोरच्या पानवाल्यानं सांगितलं की बेगमसाहिबांचा मुलगा आला होता, तो त्यांना कराचीला घेऊन गेला. त्या फार आजारी होत्या, टांग्यात उचलून बसवावं लागलं.

"नातू आला होता का?" आईनं विचारलं. बाबांनी ते हिंदीत विचारलं. पानवाल्याला माहीत नव्हतं.

"पत्ता काढता येईल," टांग्यात बाबा म्हणाले.

"पत्ता मिळेल. वस्तू पलीकडे कोण जाऊ देईल?" आई म्हणाली. मग बरंच पुढे आल्यावर, "रिकाम्या हातानं गेली हो ती."

बाबांनी तरी पत्ता काढला आणि पत्र टाकलं. उत्तर आलं नाही.

आम्ही भोपाळातच राहिलो. बऱ्याच जणांनी खटपट करून बदल्या करून घेतल्या. बाबांनाही दोनदा संधी आली. आईनंच नको म्हटलं. तो इथे आहे, त्याला टाकून कुठे जाऊ, असं काहीसं ती म्हणाली.

पुढे आमच्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवात मुलांचं नाटक बसवलं. त्यात लहानपणीच्या शिवाजी महाराजांचा प्रवेश होता. काकांनी कुणापुढे तरी चिलखताचा विषय काढला असावा, कारण मंडळातल्या दोघी जणी आईकडे मागायला आल्या. आईनं सरळ नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच तालमीच्या ठिकाणी घेऊन गेली.

नाटकाच्या दिवशी तिनं त्या मुलाला स्वतःच्या हातानं ते चढवलं. तो आमच्या ओळीतल्याच एका घरचा, सात-आठ वर्षांचा, गोलमटोल. तिनं त्याच्या कुशीचे आकडे लावले, गळ्यातून बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, "टोचतंय का?"

"नाही. जड आहे," तो म्हणाला.

"थोडाच वेळ घालायचं."

तो मंचावर गेला. टाळ्या झाल्या. आई मांडवात आली नाही. मी शोधत गेले तर ती मांडवाच्या मागे एका उलट्या घमेल्यावर बसली होती. पडदा पडेपर्यंत ती तिथेच होती. मी तिच्याजवळ उभी राहिले. तिनं माझा हात धरला नाही, पण जा असंही म्हणाली नाही.

मुलाच्या आईनं चिलखत परत आणून दिलं. ते घामानं ओलं झालं होतं. कड्यांना ओल चालत नाही, लगेच पुसून तेल लावावं लागतं, हे आईला चांगलं माहीत होतं. तिनं ते तसंच ट्रंकेत ठेवलं. पुढचे काही दिवस ती दुपारी, घरात कुणी नाही असं पाहून, ट्रंक उघडायची आणि गळ्याच्या त्या पट्टीवर नाक टेकवून बसायची. मी शाळेतून लवकर आले त्या दिवशी मला ते दिसलं. मी चपला हातात घेऊन मागच्या दारानं बाहेर गेले आणि काकांच्या पायरीवर बसून राहिले.