विहिरीवरचा नववा फोटो

हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. भूतखेत, करणी मी कधीच मानली नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच... असलं काही सांगितलं तर लोक म्हणतील, शिकून काय केलं यानं?

आमचं गाव सुलतानपूरपासून दोन कोसांवर. मी बुलढाण्याला बी.ए. करतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या सरांनी फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. महाराष्ट्र राज्य झालं, पण गावात काय बदललं, ते दाखवायचं. मला त्यांनी आपला बॉक्स कॅमेरा दिला. एका रोलमध्ये बारा फोटो.

मला विहीर दाखवायची होती. बौद्धपुऱ्यातल्या बायांना आमच्या विहिरीचा दोर धरता येत नाही. त्या घागरी ठेवून लांब उभ्या राहतात. वरच्या जातीचं कुणी आलं, तर उंचावरून पाणी ओततं. बहुतेक वेळा ती माझी आईच असते. म्हणूनच — आता खरं सांगतो — आई भाच्याच्या लग्नाला मामांच्या गावी, धाडला, गेलेली होती, तो दिवस मी निवडला. अन्याय दाखवायचा होता, पण त्यात आमचं घर नको होतं.

सकाळी दहाचं ऊन. चार बाया, चार रिकाम्या घागरी. मी कॅमेरा पोटाशी धरून वाकलो, तशी सुभद्राबाई हसली.

"काऊन रे बापू, रिकाम्या घागरीचे फोटू काहाडून राह्यला? पाण्यासकट काहाड ना!"

दुसरी म्हणाली, "त्याची माय असती तं आतालोक भरून झालं असतं."

मीही हसलो. बटण दाबलं. तो नववा फोटो; उरलेले तीन गावात काढून रोल संपवला आणि मी घरी आलो.

आठवड्याने बुलढाण्याच्या स्टुडिओतून फोटो आणले. नवव्या फोटोत घागरीवर पाण्याची धार होती. धारेमागे एक बाई वाकलेली. चेहरा पदराआड, पण चोळीच्या बाहीला रेघांच्या कापडाचं ठिगळ. ते माझ्याच जुन्या शाळेच्या सदऱ्याचं! हीच चोळी घालून आई आदल्या दिवशी एस.टी.त बसली होती...

स्टुडिओवाले म्हणाले, "एकावर एक दोन फोटो आले असतील." पण आईचा फोटो आयुष्यात कुणी काढलेलाच नाही. निगेटिव्हमध्येही ती आहे. मामांना विचारलं, तर त्या दिवशी सकाळी ती त्यांच्याकडे पोळ्या लाटत होती.

प्रदर्शनात मी अकराच फोटो लावले. सरांना सांगितलं, एक खराब झाला.

दिवाळीत घरी गेलो, तेव्हा राहवलं नाही. आईला फोटो दाखवला, सगळं सांगितलं. तिनं ठिगळावर बोट ठेवलं.

"मीच हाव."

"पण आई, तू तर धाडला होतीस ना?"

"हाव, होती ना."

ती तिथं कशी आली, हे मला आजही कळलेलं नाही. तिनं मात्र ते विचारलंच नाही. फोटो माझ्या हातात देऊन म्हणाली,

"त्या दिवशी दोर तं तिथीच होता. मंग तूच काऊन नाही वतलं?"