यमूनं सांगितलेली गोष्ट

खाप्याच्या शाळेत शिकवणाऱ्या गोपिकाच्या दोन-तीन गोष्टी मासिकांत छापून आल्या होत्या. त्या जोरावर एकोणऐंशी सालच्या हिवाळ्यात तिला नागपूरच्या लेखक मेळाव्याचं बोलावणं आलं. उतरायचं कुठे, हा प्रश्नच नव्हता. लहानपणी कन्हान नदीच्या डोहात जिच्यासोबत डुंबली, ती मैत्रीण यमू आता नागपूरजवळच्या कोराडीच्या वसाहतीत राहत होती. तिचा नवरा श्रीधर वीज केंद्रात फिटर होता.

दोरीवरच्या कपड्यांवर बसलेली वीज केंद्राच्या धुराड्याची राख झटकत यमू अंगणातच उभी होती. "आली वं माही लेखिका!" म्हणत तिनं गोपिकाच्या हातातली पिशवी ओढून घेतली. साऱ्या वसाहतीत तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

सकाळी यमू ठेवणीतलं जांभळं पातळ नेसून, श्रीधरला आणि पोरीला, मंदाला, घेऊन तयार झाली, तेव्हा मात्र गोपिकानं तिला थोपवून पाहिलं.

"तू काहून येऊन राहिली? कंटाळशीन तिथं."

"काहून? मले काही समजत नाही का?" यमू हसली.

कारण सांगण्यासारखं नव्हतं. गोपिका जी गोष्ट वाचणार होती, ती यमूचीच होती.

यमू नवीन बिऱ्हाड थाटून कोराडीत आली, तेव्हा एका दुपारी बॉयलरची वाफ सुटली. तसला आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. कारखाना फुटला असं समजून, हाती लागलं ते उचलून ती मैदानापर्यंत धावत सुटली. तिथं पोहोचल्यावर पाहते तर बाकी कोणीच पळत नव्हतं. तिच्या काखेत लोणच्याची बरणी होती आणि तान्ही मंदा घरात, पाळण्यात. माहेरी आल्यावर ती गोपिकाच्या मांडीवर डोकं ठेवून रडली होती. "मंदाच्या बाबालेबी नाही सांगतलं वं. मी कशी माय हाय?"

गोपिकानं तिची विनोदी कथा केली. नाव बदललं, गाव बदललं, आणि आपली आपण समजूत घातली की कोणाला ओळखू येणार नाही.

धंतोलीतलं सभागृह भरलं होतं. गोष्टीतली खेड्यातली बाई विजेच्या पंख्याला भिते, नळाशी भांडते, तसे लोक हसू लागले. सर्वांत मोठ्यानं यमू हसत होती, पदरानं डोळे पुसत. मग गोष्टीत वाफ सुटली. यमूचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. गोपिकाला ते व्यासपीठावरून स्पष्ट दिसलं. एक पान सोडून पुढं जाता आलं असतं. पण अध्यक्ष पोट धरून हसत होते, आणि असं हसवणं तिला आयुष्यात पहिल्यांदाच जमलं होतं. तिनं आवाज चढवून, हातवारे करून शेवटचं वाक्य टाकलं, "लेकरू राहिलं त राहिलं, पण लोणचं वाचलं!"

टाळ्या पडल्या. एका संपादकानं पुढच्या दिवाळी अंकासाठी गोष्ट तिथल्या तिथं मागून घेतली.

परतीच्या बसमध्ये श्रीधर तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून हसत होता. "अशी कोणती माय असन वं?" त्यानं बायकोला विचारलं.

"असन एखादी," यमू म्हणाली आणि मंदाच्या कानाभोवतीचा रुमाल घट्ट करू लागली. गोपिका खिडकीबाहेर पाहत बसली. मान वळवायची तिची हिंमत होईना.

घरी यमूनं ठरवल्याप्रमाणे बेसनाच्या वड्या थापून पाटोडीचा रस्सा केला. गोपिका चुलीजवळ जाऊन उभी राहिली.

"यमू, मी नाव त नाही घेतलं ना."

तोंडातून निघाल्याबरोबर ते बोलणं किती हलकं आहे, ते तिचं तिलाच ऐकू आलं.

यमू वळली नाही. "नाव घेतलं असतं त मी म्हटलं असतं, खोटं हाय. आता काय म्हणू?" तिनं फोडणीत हळद टाकली. "सारं घेतलं तू. माहं रडणं तेवढं सोडून दिलं."

दुसऱ्या दिवशी मेळाव्याला जाऊन गोपिकानं त्या संपादकांना गोष्ट छापू नका म्हणून विनवलं. कारण सांगायचं तर यमूची गोष्ट आणखी एकदा सांगावी लागली असती. म्हणून, गोष्ट नीट जमली नाही, एवढंच ती म्हणाली. "इतका विनय बरा नव्हे बाई," म्हणत त्यांनी कागद परत केले. गोष्ट छापली गेली नाही. पण सभागृहातलं हसू काही परत घेता येत नव्हतं.

यमूनं बोलणं तोडलं नाही. माहेरी आली की भेटायला यायची, मंदाचे केस विंचरत बसायची, कोळशाच्या ट्रकांनी रस्ता कसा उखडला ते सांगायची. तीन-चार वर्षांनी तिचं मोठं ऑपरेशन झालं. गोपिकाला ते यमूच्या माहेरच्या शेजारीण रुख्माबाईकडून कळलं, तेही यमू दवाखान्यातून घरी आल्यावर. ती तशीच पहिल्या बसनं कोराडीला गेली.

"मले काहून नाही सांगतलं?" तिनं विचारलं.

यमू उशीला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला. "सांगासारखं काय होतं त्यात?" ती म्हणाली, आणि मंदाला हाक मारून मावशीसाठी चहा ठेवायला सांगितलं.