फिटरच्या घरचं शिलाई मशीन

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे सांगताना आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला आणि सोफ्याचं कव्हर खराब झालं. फजिती माझी होती, म्हणून कव्हरही मलाच धुवायला लावलं.

मी रेल्वेतला माणूस. मनमाडला फिटर म्हणून चौतीस वर्षं काढली आणि रिटायर होऊन इकडं नाशिकला, इंदिरानगरात फ्लॅट घेतला. आयुष्यभर लोखंड उघडलं आणि लावलं. त्यामुळं घरात काही बंद पडलं की मी मेकॅनिकला फोन करू देत नाही. फिटरच्या घरी मेकॅनिक आला तर लोक काय म्हणतील? आमची ही म्हणते, लोक काही म्हणत नाहीत, पण गिझर अजून गार पाणीच देतो. ते सोडा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या पल्लवीचा साखरपुडा ठरला. पोर एकुलती एक. येवल्याहून मोरपंखी पैठणी आणली, आणि ब्लाउज पीस त्याच साडीचा, बाहीच्या काठावर मोर विणलेले. म्हणजे बघा, तो एकच. बिघडला तर तसा दुसरा आणणार कुठून? आणि आमच्या टेलरबाईंनी पंधरा दिवस ठेवून घेऊन आदल्या दिवशी संध्याकाळी तो न शिवताच परत दिला! म्हणे, दिवाळीची गर्दी आहे.

पल्लवीचा चेहरा पडला. ही म्हणाली, अगं, मी शिवते की. हिचा हात शिवणाला चांगला आहे, खोटं कशाला बोलू. मापं घेऊन लगेच कापूनही ठेवला.

साखरपुडा दुपारी चारला. सकाळी आठला ही मशीनवर बसली. आधी चिंधीवर चालवून बघायची तिची सवय आहे, तसं बघितलं, आणि मशीन घर्र करून जागच्या जागी अडकलं. चिंधी उलटी केली तर खाली दोऱ्याचा हा एवढा गुंता. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. वरून शिलाई बरी, खालून नुसतं जाळं.

ही म्हणाली, वरचा दोरा सैल येतोय वाटतं, बघते जरा. नाहीच जमलं तर खालच्या मजल्यावर निकमवहिनींकडं मशीन आहे, तिथं बसून शिवून आणते.

मी इथं गप्प बसलो असतो ना, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडं काही नसतं. पण निकमवहिनींचं नाव निघालं आणि माझं डोकं सटकलं. निकम बँकेत क्लार्क होते हो! बँकवाल्याच्या घरचं मशीन चालणार आणि फिटरच्या घरचं बंद?

“ऊठ,” मी म्हणालो. “अर्धा तास दे मला.”

“अहो, गुंता खाली दिसतोय म्हणजे दोष खालीच आहे असं नसतं.”

“पाणी जिथं गळतं, पाइप तिथंच फुटलेला असतो.”

हे साफ चूक आहे. कुठल्याही फिटरला विचारा. मलाही ते माहीत होतं. पण त्या वेळी मी फिटर नव्हतो, नवरा होतो.

पेपर पसरला, चष्मा लावला, मशीनचा खालचा भाग उघडला. बॉबिन काढली, ती जिच्यात बसते ती डबी काढली. आत दोऱ्याचा आणि धुळीचा चांगला चिमूटभर भुगा निघाला. तो मी हातावर घेऊन घरभर दाखवला. बघा, सापडला चोर! मग ब्रशनं झाडलं, तेल सोडलं, सगळं जागच्या जागी बसवलं आणि चालवलं.

घर्र.

साडेनऊ झाले. सुई बदलली. घर्र. बॉबिन नव्यानं भरली. घर्र. डबीचा बारीक स्क्रू आवळला, मग सैल केला, मग परत आवळला. मग म्हटलं, दोराच भिकार असणार. चपला घालून कोपऱ्यावरून नवीन रीळ आणलं, दुकानदाराला दोन शब्द सुनावून आलो. त्यानंही तेच केलं. रिळानं हो, दुकानदारानं नाही.

साडेदहाला ही दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, मी निकमवहिनींकडं जाते. म्हटलं, दहा मिनिटं. ती घड्याळाकडं बघून परत आत गेली. पाहुण्यांना द्यायच्या ओट्या भरायच्या राहिल्या होत्या.

आता माणूस अडला की काय करतो? दुसऱ्यावर ढकलतो. मी जाहीर केलं की या मशीनला कुणीतरी हात लावलेला आहे आणि ते कोण, ते आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे. पल्लवी चेहऱ्याला डाळीचं पीठ लावून बसली होती. ती बिचारी म्हणाली, गणपतीत मी जीनची पट्टी मारली होती. बस्स! मला आरोपी मिळाला. इतकं जाड कापड या नाजूक मशीनवर घालतात का, अक्कल आहे का, उद्या सासरी गेल्यावर काय दिवे लावणार, सगळं सुनावलं. पिठावरून पाण्याच्या दोन रेघा खाली आल्या.

साखरपुड्याच्या दिवशी पोरीला रडवली मी. आजही ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

पण तेव्हा लाज कुठली वाटतेय! मशीन पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. आणि आता ऐका. माझ्या मनात आलं, चिंधीवर काय ट्रायल घ्यायची? इंजिन दुरुस्त झालं की नाही ते रुळावर कळतं, शेडमध्ये नाही. ही आत होती. मी पैठणीची बाही उचलली आणि सुईखाली सरकवली.

चार टाके पडले. मी ‘वा’ म्हणायला तोंड उघडलं तोवर मशीननं बाही आत खेचली. मोराची मान सुईखाली आणि बाकीचा मोर बाहेर. चाक पुढं फिरेना, मागं फिरेना. पंखा पाचवर होता आणि मला दरदरून घाम फुटला. म्हटलं, हळूच ओढून बघावं.

“ओढू नका.” मागून हिचा आवाज आला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं हो. इतक्या हळू आवाजात ती लग्नानंतर दोनदाच बोलली आहे. आणि आता निकमवहिनींकडं जायचं म्हटलं तरी बाहीसकट अख्खं मशीन जिन्यानं खाली न्यावं लागणार होतं.

मी उठलो. ती बसली. नवं ब्लेड घेतलं आणि खालून एकेक दोरा कापायला लागली. ब्लेड जरा इकडं तिकडं झालं असतं तर रेशीम गेलं असतं. पल्लवी मोबाइलचा टॉर्च धरून उभी होती. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. वीस मिनिटांनी बाही सुटली. मोर शाबूत. फक्त कडेला तेलाचा एक डाग, तोही शिलाईत दबेल असा. तेल अर्थातच माझं.

मग हिनं खाली काही बघितलंच नाही. सुईजवळचा, कापड दाबणारा फूट खाली टेकवला आणि वरचा दोरा ओढला. अशा वेळी दोरा घट्ट यायला पाहिजे. तो सुळकन आला. वर दोन छोट्या चकत्या असतात, दोऱ्याला मधे धरून ठेवतात. हिनं त्यांच्या फटीत सुईचं टोक घालून हलवलं.

टेबलावर तांदळाचा एक दाणा पडला. कुंकवानं लाल झालेला.

दोघींनी माझ्याकडं बघितलं. खंडेनवमीला पूजा मीच केली होती. मनमाडला आम्ही लेथपासून पान्यापर्यंत सगळ्यांची पूजा करायचो आणि अक्षता टाकायचा मान माझा. तो हात रिटायर झालाच नाही. पक्कड, ड्रिल, मिक्सर, सगळं मांडलं होतं आणि शिलाई मशीनवर लेथवर टाकायचो तशा मूठभर अक्षता टाकल्या होत्या. ही तेव्हा म्हणाली होती, मशीनला नुसतं हळदकुंकू लावा. मी म्हणालो होतो, देवाच्या कामात चिंगूसपणा नको. त्यानंतर मशीनवरचं कव्हर निघालं ते साखरपुड्याच्या दिवशीच.

“पप्पा,” पल्लवी म्हणाली, “मी फक्त जीन शिवली होती.”

मी पोरीला सॉरी म्हणालो. चौतीस वर्षांत साहेबाला म्हटलं नव्हतं.

बारा वाजत आले होते. मशीन लोण्यासारखं चालायला लागलं. हिनं मान वर न करता शिवलं, मी हुकांसाठी सुईत दोरे ओवून देत होतो, मला तेवढंच काम मिळालं. शेवटचे दोन हुक गंगापूर रोडला गाडीत लागले. दहा मिनिटं उशीर झाला, पण पोचलो.

विहीणबाईंनी बाही हातात धरून बघितली आणि विचारलं, कुठल्या टेलरकडं दिलं होतं? ही म्हणाली, घरीच शिवलं. बाकी एक अक्षर नाही. मला इतकं भरून आलं, म्हटलं, बायको असावी तर अशी. झालं गेलं गंगेला मिळालं.

अंगठ्या झाल्या. गुरुजींनी आशीर्वादासाठी तबक फिरवलं. ते माझ्यापुढं आलं, मी सवयीनं मूठ भरली. तेवढ्यात हिनं माझं मनगट धरलं, भरल्या हॉलमध्ये एकेक बोट उघडलं आणि सगळ्या अक्षता परत तबकात ओतल्या.

“तुम्ही नुसते हात जोडा,” ती म्हणाली. “दोघांचं आत्ता कुठं जुळलंय.”

फोटोग्राफरनं नेमका तोच फोटो काढला. अल्बमच्या पहिल्याच पानावर आहे. सगळे अक्षता टाकतायत, पल्लवी तोंडावर हात धरून हसतेय आणि मी एकटा हात जोडून उभा. बघणारे हिला म्हणतात, तुमचे मिस्टर फार भाविक दिसतात.

ही म्हणते, हो ना, तीच तर भीती आहे.