सुनीलच्या दारातल्या चपला

तर नावाच्या पाटीवरचा पडदा दोरीत अडकून बसला, इथवर काल आपण आलो होतो. पुसदच्या माजी सैनिकांच्या दवाखान्याला सीमेवर कामी आलेल्या जवान सुनील आडेचं नाव दिलं, त्या दिवसाची गोष्ट. उद्घाटनाला आलेले साहेब दोरी ओढून घामाघूम झाले. शेवटी सुनीलच्या आईनं, रुपीबाईनं, बैलाचा कासरा ओढावा तसा एक हिसका दिला अन् पोराचं नाव उजेडात आलं. "पोरगं गावी आलं," ती म्हणाली, आणि हात जोडत सुटली. साहेबांना, डॉक्टरीणबाईंना, मांडववाल्यालासुद्धा!

रुपीबाईचा बंजारा तांडा तर असा हरखला की दवाखान्याचं देऊळच करून टाकलं. बाजाराला आलेला माजी सैनिक असो की त्याची बायको, फाटकाशी चपला काढी, पायरीवर डोकं टेकी, चुरम्याचा लाडू ठेवी आणि खोकत खोकत घरी जाई. औषध आत होतं, पण आत जाईल कोण? डॉक्टर ममताबाई म्हणत, "आजी, लाडू खाऊन मलाच शुगर व्हायची. गुडघा तरी दाखवा!" रुपीबाई हसून लंगडत निघे. पोराच्या नावापाशी दुखणं कसं काढायचं?

अन् एक दिवस या अनवाणी पायांनीच घात केला. रिटायर हवालदार उत्तमसिंगच्या तळव्यात फाटकाशी काच शिरली. शुगरचा माणूस, जखम चिघळली. याच उत्तमसिंगनं सुनीलला पहाटे धरणाच्या भिंतीवर पळवून भरतीला उभं केलं होतं. पोरगं गेलं तेव्हा तो तोंड लपवत फिरला. रुपीबाईनंच त्याला घरी बोलावून चहा दिला होता. "त्याची हौस तुमी पुरी केली, भाऊजी," म्हणाली होती.

आता तोच उत्तमसिंग, पाय फडक्यात गुंडाळून, पायरीवर डोकं टेकून परत निघालेला तिला दिसला.

"भाऊजी, पाय दाखवाले आले ना? मंग चालले कुठी?"

"भोजाई, शहिदाच्या दारात पू घेऊन जाऊ का? यवतमाळले जातो."

"तवरक पाय राह्यते का?"

रुपीबाईनं त्याचं मनगट धरलं आणि चपला घातल्या पायानंच पायरी चढली. उत्तमसिंग दचकला. "भोजाई, चपला तरी काढा! सुनील काय म्हणंल?"

रुपीबाई म्हणाली, "सुनील लहान होता तवा पाहुण्याइच्या चपला लपवे, जेवल्याबिगर कोणी जाऊ नये म्हणून. तुमी तं उंबऱ्यावरूनच चालले. या आत. डॉक्टरीणबाई, याइचा पाय पाहा, अन् मले बी गुडघ्याची गोळी द्या."