काट्यावरचा नारळ

कॉलेजात मी पंचावन्न किलोच्या संघातून कबड्डी खेळायचो. किलो गट म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. सामन्याच्या सकाळी काट्यावर उभं राहायचं. काटा पंचावन्नच्या आत थांबला तर खेळायचं, नाहीतर घरी जायचं. नव्वद किलोचा गडी अंगावर बसला की आमच्यासारख्यांचं कौशल्य त्याच्याखालीच राहतं, म्हणून ही सोय. खुल्या गटाला नवे गणवेश मिळत आणि आम्हाला त्यांचे जुने, गुडघ्यापर्यंत येणारे. माझ्या शेवटच्या वर्षी कॉलेजने आमचा संघ बंद केला. पुरेसे हलके विद्यार्थी मिळत नाहीत, असं कारण दिलं गेलं. होस्टेलच्या मेसमध्ये जेवणाऱ्या कुणालाही ते पटलं नाही.

नोकरीसाठी दुबईला आलो, अल कुसैसमध्ये राहू लागलो, आणि तिथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक खेळांत किलो गट पुन्हा भेटला. वय आणि इथली स्वस्त खुबूस रोटी लक्षात घेऊन मर्यादा पासष्टची होती. पण नव्वदच्या दशकाअखेरीस एका वर्षी मंडळाच्या पत्रकात ओळ आली: ज्या गटात दोन पूर्ण संघ उभे राहणार नाहीत, तो कायमचा रद्द करून तो वेळ मान्यवरांच्या सत्काराला देण्यात येईल. किलो गटात दोनच संघ होते, शारजाचा आणि आमचा. आमच्यात मोजून सात गडी. त्यातला डावा कोपरा मी, आणि मी अडुसष्ट किलोंचा.

हा आकडा कळला तो कार्गोच्या दुकानात. गावी पाठवायची खोकी जिथे तोलतात, तोच काटा मंडळ स्पर्धेला आणायचं.

"तीन किलो फक्त," कप्तान म्हणाला. "भाऊ, तुम्ही वीस किलोच्या बॅगेत तीस किलो बसवून इंडियाला नेता. इथे तर नुसते काढायचेत."

हातात तीन आठवडे होते. एक संघ डोळ्यांदेखत बंद झालेला पाहिला होता. दुसरा माझ्या पोटामुळे बंद होऊ द्यायचा नाही, एवढं मी ठरवलं. भात सोडला, शुक्रवारची बिर्याणी सोडली. घाम निघावा म्हणून पहाटे अंगात रेनकोट घालून इमारतींभोवती चकरा मारू लागलो. दुबईत रेनकोट घातलेला माणूस पाहून वॉचमन रोज आधी आभाळाकडे बघायचा आणि मग माझ्याकडे.

"हा उपास कुठल्या देवाचा?" बायकोने विचारलं.

"काट्याचा."

"बाबा, जस्ट प्ले विथ द बिग पीपल," मुलगी म्हणाली.

"ते मोठे नाहीत, जाड आहेत," मी म्हणालो. हा फरक तिला पटला नाही.

ऑफिसात एक अमेरिकन होता. मी डबा का उघडत नाही, असं त्याने विचारलं, म्हणून सांगितलं. तो खुर्ची ओढून बसला. त्याच्या कॉलेजातही फुटबॉलचे दोन संघ होते म्हणे. एक धिप्पाडांचा, त्याला बँड आणि गर्दी. दुसरा ठरावीक वजनाखालच्यांचा, त्याला प्रेक्षक म्हणजे खेळाडूंच्या आया. तो दुसऱ्यातला. "मीठ बंद कर," तो म्हणाला. "आणि आदल्या दिवशी पाणीसुद्धा मोजून." पाच वर्षं एका खोलीत काम करून त्याचं पटलेलं हे पहिलंच म्हणणं.

आदल्या संध्याकाळी कार्गोच्या दुकानात काट्याने चौसष्ट किलो नऊशे ग्रॅम दाखवले. घरी येऊन अर्धा पेला पाणी प्यायलो आणि झोपलो.

वजनं सकाळी आठला होणार होती, पण प्रमुख पाहुणे साडेदहाला आले. तोवर सातजण तोंड कोरडं ठेवून वाळूवर बसलो होतो. पाहुण्यांच्या शुभहस्ते कशाचं तरी उद्घाटन हवं, आणि मैदानात उद्घाटन करण्याजोगी एकच वस्तू होती. काट्याला हळद-कुंकू वाहिलं, हार घातला, त्याच्याच एका कोपऱ्यात विड्याच्या पानांवर नारळ ठेवला, फोटो झाले. मग भाषण झालं. त्यात 'सुदृढ' हा शब्द बराच आला.

सहाजण सहज पार पडले. मी चढलो आणि मंडळाच्या सेक्रेटरींनी आकडा वाचला, "पासष्ट किलो चारशे."

कप्तानाने डोळे मिटले. शारजाचा कप्तानही गंभीर झाला. आम्ही गेलो तर त्यांचाही गट जात होता. मी उतरलो नाही. रात्रीपासून पोटात काही गेलं नव्हतं, मग हा अर्धा किलो आला कुठून? खाली पाहिलं. अंगठ्याला नारळाची शेंडी लागत होती.

"साहेब, हा नारळही माझ्यात धरलाय."

सेक्रेटरी खाली वाकले. त्यांना कळलं, पण मागे पाहुणे उभे होते. "पूजेतला नारळ असा मध्येच हलवत नाहीत," ते हळूच म्हणाले.

"मग नारळाला आमच्या संघात घ्या."

"अहो, पाहुण्यांनी ठेवलाय तो. समजून घ्या. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी गटच नसेल. मी उतरत नाही."

पाहुणे घड्याळ बघू लागले. मी उभाच राहिलो. तेव्हा खुर्च्यांमागून कार्गोवाला आला. मल्याळी माणूस, काट्याचा मालक. एवढा घोळ कसला, हे त्याला कळत नव्हतं.

"साब, एक मिनट नीचे," तो मला म्हणाला. मी उतरलो. त्याने नारळाला हात न लावता एक बटण दाबलं. पडद्यावर शून्य आलं. "ट्रॉली का वजन कभी पॅसेंजर पे डालते हैं क्या? अब चढो."

चौसष्ट किलो आठशे.

सेक्रेटरींनी आकडा मोठ्याने वाचला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

आम्ही शारजाकडून अकरा गुणांनी हरलो. उपाशी माणूस चढाईला जाऊ शकतो, पण पकड करायला अंगात काही लागतं. सामना संपल्यावर तोच नारळ फोडला आणि पहिला मोठा तुकडा मी घेतला.

पुढच्या वर्षीच्या पत्रकात किलो गट होता. खाली बारीक अक्षरांत एक सूचना होती: वजनकाट्याची पूजा सर्व वजने झाल्यानंतरच करण्यात येईल.