फ्रिजमधला कंद

क्लेमेंटीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेऊन ती राहत असे. पाया लेबार भागातल्या ऑफिसातून परतली की बूट न काढताच दाराबाहेरच्या कुंडीपुढे उकिडवी बसे आणि बोटाने कोरडी माती चाचपे. पाणी मात्र घालत नसे. कुंडीत रानातल्या सायक्लेमेन या फुलझाडाचा चपटा कंद होता. इंग्लंडमधली नोकरी सुटली तेव्हा तिने तेवढाच सोबत आणला होता.

"झाडांखाली बर्फसुद्धा सोसतो हा," तिने एकदा मला सांगितलं. "उन्हाळाभर झोपतो. गारवा आला की आधी फुलं, मग पानं. इथे विषुववृत्तापाशी उन्हाळा संपतच नाही, त्याने उठावं कधी?"

दुसऱ्या वर्षीही तो उठला नाही, तेव्हा तिने तो फ्रिजमध्ये भाजीच्या खणात ठेवला. उघड्या दारातून घरमालकीण काकूंचा आवाज आला.

"अगं, तो सुरण चिरू का एकदाचा?"

"विषारी आहे, काकू."

"मग माझ्या कोथिंबिरीशेजारी कशाला ठेवलास?"

काही आठवड्यांनी कंद पुन्हा कुंडीत गेला. एका संध्याकाळी मातीतून गुलाबी कळी वर आलेली दिसली. कुंडीशेजारीच ती भिंतीला टेकून बसली होती, पायात बूट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, आणि गाढ झोपलेली. कळी तिने पाहिली होती की नाही, सांगता येत नव्हतं. मी हाक मारणार, तोच काकू दारात आल्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"झोपू दे तिला," त्या हळूच म्हणाल्या. "कळी काही आता पळून जात नाही."